टप्प्याच्या आत इंजन नाही

अमरावती सोडून अकोल्याला निघाले त्या सकाळी माझं सगळं सामान टेम्पोत चढलं होतं. कपाट, गादी, पुस्तकांची तीन खोकी आणि या सगळ्यांवर आडवी बांधलेली माझी स्कूटी. टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे फाटकावरची घंटी वाजली. एकदाच. टण. म्हणजे थांबा.

टेम्पोवाला बिचारा थांबला. घरमालक ओट्यावरून उठून त्याच्या खिडकीशी आले.

"किती टप्पे?"

"काय, काका?"

"अमरावती ते अकोला. किती टप्पे हायत?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सोळा."

काकांनी "बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव" असं पुटपुटत बोटांवर पडताळा घेतला. "बरोबर हाय. मंग इंजनाचं काम हाय," म्हणाले आणि ओट्यावर परत जाऊन दोरी दोनदा ओढली. टण टण. मी त्या घरात तीन वर्षं राहिले. इंजिनाच्या गाडीला डबल बेल मिळालेली मी पाहिली ती क्वचितच.

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आधी अकोट डेपो, मग अमरावती. एसटीत अंतर टप्प्यात मोजतात, एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. आपल्यासारखी माणसं तिकीट काढून हे विसरून जातात. काकांनी मात्र निवृत्तीनंतर त्याचा कायदा केला होता आणि तो राजापेठेतल्या त्या गल्लीत लागू केला होता. टप्प्याच्या आत जायचं असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. सायकल घ्यायची, नाहीतर पायी जायचं. जुन्या गाडीतली घंटी त्यांनी कुठून मिळवली होती देव जाणे. ती फाटकाच्या खांबाला बांधली होती आणि तिची दोरी ओट्यावरच्या त्यांच्या खुर्चीपर्यंत आणली होती. गल्लीत कुठंही कोणी किक मारली, बटन दाबलं, की टण.

"किती टप्पे?"

"अहो काका, फक्त मेडिकलपर्यंत."

"अर्धा पाव टप्पा नाई. उतर खाली."

लोक उतरत नसत, हे खरं आहे. हसत आणि जात. पण जाताना गाडीचा आवाज जरा कमी करत.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. समोरच्या बँकेतल्या तरुणाचं नाव दर्यापूर. मी हिवरखेड. स्वतःच्या बायकोलाही ते आसेगाव म्हणत. काकू रागात असल्या की आतूनच ओरडत, "आसेगावले आज गाडी थांबत नाई!" मग काका स्वतः उठून चहा करून घेत.

मी खोली पाहायला गेले तेव्हा मनाशी सगळी उत्तरं घोकून गेले होते. एकट्या मुलीला खोली देताना घरमालक काय काय विचारतात ते मी दोन ठिकाणी ऐकून आले होते. इथं एकच प्रश्न झाला.

"कामाचं ठिकान इथून किती टप्पे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "क्लास इथंच आहे, राजापेठेतच. मी गणित शिकवते तिथं. स्कूटी आहे माझ्याकडं."

"राजापेठेत राहून राजापेठेत शिकवनार, आन मंदात स्कूटी?" ते काकूंना म्हणाले, "आसेगाव, पोरगी गनिताची हाय पन हिशेब कच्चा हाय." मग मला म्हणाले, "खोली देतो. पन टप्प्याच्या आत इंजन लावलं त खोली खाली."

मी हो म्हटलं. खोली चांगली होती, वाऱ्याची होती आणि काकू दारात उभ्या राहून माझ्याकडे बघून हसल्या होत्या. अट म्हणजे म्हाताऱ्याची गंमत असेल असं मला वाटलं.

गंमत नव्हती. पोर्चमध्ये चार सायकली उभ्या होत्या. भंगारातून आणून, स्वतः दुरुस्त करून त्यांनी त्या चालत्या केल्या होत्या. एसटीच्या कपाळावर असते तशी तीन सायकलींच्या हँडलला पत्र्याची पाटी होती. मोठ्या कॅरिअरवाल्या सायकलीवर 'राजापेठ – चक्की – राजापेठ'. टोपलीवालीवर 'राजापेठ – भाजीबाजार – राजापेठ'. मऊ सीटवालीवर 'दवाखाना' आणि खाली लाल अक्षरात 'जलद'. चौथीला पाटी नव्हती. ती स्पेअर. डेपोत एक गाडी नेहमी स्पेअर लागते, असं त्यांचं म्हणणं. किल्ल्या ओट्यावर खिळ्यांना टांगलेल्या. गल्लीतल्या कोणीही कुठलीही सायकल न्यावी, विचारायचीसुद्धा गरज नाही. नियम एकच. परत आणली की चाक अंगठ्यानं दाबून बघायचं, हवा कमी असेल तर कोपऱ्यातला पंप घेऊन भरायची आणि मगच किल्ली खिळ्याला लावायची. हवा न भरता किल्ली लावणारा माणूस त्यांच्या दृष्टीनं विनातिकीट प्रवासी होता.

हे सगळं खूळ कशातून आलं ते काकूंनी मला सांगितलं. निवृत्त झाल्यावर काकांनी हौसेनं नवी स्कूटर घेतली होती. पहिल्याच सकाळी दूध आणायला निघाले आणि कोपऱ्यावर सवयीनं मागं वळून पाहिलं, सगळे चढले की नाही ते. मागं कोणीच नव्हतं. तसेच परत आले आणि म्हणाले, "आसेगाव, रिकामी गाडी पळवून राहिलो ना मी." आठ दिवसांत स्कूटर गेली. नंतर हेच ते सगळ्या गल्लीला ऐकवू लागले, "पन्नास मानसं आन एक इंजन, हे मले पटते. एक मानूस, एक इंजन आन एक निंबू, हे मले नाई पटत."

दर्यापूर या लिंबावरून फार चिडायचा. त्याच्याकडे धडधडणारी भारी मोटारसायकल होती आणि दही आणायलासुद्धा तो तिच्यावरच जायचा. एका रविवारी तो म्हणाला, "काका, तुमच्या सायकलनं माणूस भाजी घेऊन येईस्तोवर इकडं जेवणं होतात."

"असं? चाल मंग. दोघं भाजीबाजारातून सांबार आनू. पाहू कोन पहिले येते."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. दोघं निघाले. दर्यापूर धूर सोडत पुढं, काका पाटीवाल्या सायकलवर मागं. सगळी गल्ली ओट्यांवर बसली. थोड्या वेळानं काका आले, घाम नाही, घाई नाही. दर्यापूर आला तेव्हा काकांनी जुडी सोडून, निवडून, काड्या एकीकडे आणि पानं एकीकडे अशी सुपात मांडून ठेवली होती.

"चौकात अडकलो ना," दर्यापूर म्हणाला. "आन गाडी ठेवाले जागाच नाई भेटली. पार शाळेपाशी लावून पायी आलो."

"म्हनजे पायी त गेलाच," काका म्हणाले. "गाडी फिराले नेली होती काय?"

काकांची बाजू मी इतकी रंगवून सांगते आहे, पण तेव्हा मी त्यांच्या बाजूची नव्हते. मी सरळ फसवत होते. रोज सकाळी स्कूटी बंद ठेवून हातानं ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची, वळणापलीकडे गेल्यावर सुरू करायची. घंटी वाजत नसे. मला वाटायचं, काकांना कळत नाही. दोन महिने झाल्यावर एक दिवस ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हिवरखेड, कोपऱ्यावर गाडी ढकलत नेतं. तेवढ्या वेळात सायकलवर तुया क्लास आला असता."

त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"काका, तुम्हाला सायकल हौस आहे. आम्हाला नव्हती," मी म्हटलं. "माझे बाबा हिवरखेडहून अकोटच्या बाजारात सायकलवर भाजी नेत होते. दोन्ही बाजूला टोपल्या, मागं पोतं. उन्हाळ्यात, थंडीत, तापात. आमच्या घरात पदवी आणणारी मी पहिली. निकाल लागला तेव्हा बाबांनी ही स्कूटी आणली आणि आमच्याच वावरातल्या झेंडूचा हार तिला घातला. सगळ्या गावासमोर म्हणाले, आता माह्या पोरीच्या पायाले पायडल लागनार नाई. मी त्यांना शब्द दिलाय. तो मोडून तुमची घंटी ऐकू?"

काकांनी पेपर खाली ठेवला. दोन दिवस घंटी वाजली नाही. गल्लीतले लोक काकूंना विचारू लागले, तब्येत बरी आहे ना म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी स्कूटी फाटकातूनच सुरू करणार होते, उघड. काका जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू म्हनतं ते खरं हाय. एकच सांग मले. तुया बापाले लाज कशाची होती माय? सायकलची, का ओझ्याची?"

एवढं विचारून आत निघून गेले. मी स्कूटीची किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. मला आठवली ती टोपल्यांची दोरी. बाबांच्या हाताला तिचे वळ असायचे. सायकल आठवली तर एवढीच आठवली, की बाजारातून येताना मी पुढच्या दांडीवर बसायचे आणि बाबा गाणं म्हणायचे.

चिडून म्हणा, हट्टानं म्हणा, मी पहिल्या खिळ्यावरची किल्ली उचलली आणि निघाले. मागं टण टण वाजलं. मी वळून पाहिलं नाही.

क्लासच्या दारात उतरले तेव्हा पोरांचा घोळका हसत होता. हँडलवरची पाटी काढायची राहिली होती. 'राजापेठ – चक्की – राजापेठ'.

"मॅडम, गहू का ज्वारी?" मागून एक आवाज आला.

"ज्वारी," मी म्हटलं. "आणि आज तुमचंही दळण करते. वह्या काढा."

त्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी मागं रेंगाळली. म्हणाली, "मॅडम, मीपण सायकलवरच येते. पण मागच्या गल्लीत लावते आणि पायी येते. सगळ्यांच्या गाड्या असतात ना." मला माझी ढकलत नेलेली स्कूटी आठवली. मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या सायकलशेजारी लाव." आठवडाभरात दारापुढं सात सायकली झाल्या. त्या कुठून आल्या ते मी विचारलं नाही. मागच्या गल्लीतूनच आल्या असणार.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "सात? म्हनजे तुया मार्ग फायद्यात चालून राहिला."

पण बाबांना मी कळवलं नव्हतं. फोनवर ते न चुकता विचारायचे, "गाडी चांगली चालते ना?" आणि मी म्हणायचे, "चालते." खोटं नव्हतं. रविवारी बडनेऱ्याच्या मैत्रिणीकडे स्कूटीवर जायचे, टप्प्याबाहेर होतं ते. पण खरंही नव्हतं. वर्षभर मी हे असं निभावलं.

आणि मग एका सकाळी न सांगता बाबा आले. पहाटेची एसटी धरून, मेथीची आणि वांग्यांची पिशवी घेऊन, थेट क्लाससमोर. मी सायकलवरून उतरत होते तेव्हा ते समोरच्या चहाच्या टपरीवर उभे होते. मला ते दिसलेच नाहीत. तास संपवून बाहेर आले तर माझ्या सायकलपाशी उकिडवे बसलेले, चेन बघत होते.

"कोनाची हाय हे?"

"घरमालकांची."

"तुई गाडी कुठी हाय?"

"खोलीवर."

"बिघडली?"

हो म्हणता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांत तेच होतं, की हो म्हण. मी म्हटलं, "नाही बाबा. चांगली आहे. जवळच्या कामाला मीच नेत नाही."

ते उठले. पिशवी उचलली आणि चालू लागले. मी सायकल हातात धरून मागं. क्लासपासून घरापर्यंत मी मागून रस्ता सांगत होते, ते एकदाही मागं वळले नाहीत.

काका ओट्यावर होते. काकूंनी बसा म्हटलं, बाबा बसले नाहीत. काका त्यांच्याकडे बघत राहिले. बघता बघता पुढं झुकले.

"हिवरखेड–अकोट. सकायची गाडी. मांगचं सीट," ते म्हणाले. "दोन टोपले मांडीपाशी, आन सायकल टपावर."

बाबांनी चष्मा सारखा केला. "कंडक्टरसाहेब?"

"अडगावच्या अलीकडं. चैन तुटली होती तुमची. रस्त्याच्या कडीले उभे होते."

"थांबा नव्हता तिथं," बाबा मला म्हणाले, पण बघत होते काकांकडे. "तरी यायनं एक बेल मारून गाडी थांबोली. सायकल टपावर चढोली. तू संगं होती, लहान होती. तुले यायनं आपल्या सीटवर बसवलं."

मला चेहरा आठवेना. फक्त चिमटा आठवला, तिकिटाला भोक पाडायचा. कोणीतरी तो माझ्या हातात दिला होता आणि मी एका कोऱ्या कागदाची चाळण करून टाकली होती. तो माणूस वर्षभराहून जास्त मला हिवरखेड म्हणून हाक मारत होता आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

काका खुश होऊन हसले. बाबा हसले नाहीत.

"साहेब, तवा उतरताना तुमी मले काय म्हटलं होतं, याद हाय?"

"नाई बा."

"तुमी म्हटलं, पोरीले शिकवा, इच्या नशिबी हे पायडल येऊ देऊ नोका." बाबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "शिकवा असं मले कोनीच कधी सांगतलं नव्हतं. तुमी सांगतलं. तो शब्द धरून मी इतके वर्स पायडल मारले. इले शिकवलं, गाडी घेऊन देल्ली. आन तुमीच इले सायकलवर बसवलं?"

गल्लीत कोणीतरी गाडी सुरू केली. काकांचा हात दोरीकडे गेला नाही.

"बोला ना आता," काकू म्हणाल्या. "साऱ्या दुनियेले टप्पे इचारता."

काका उठून बाबांच्या समोर उभे राहिले. "म्हटलं असन मी," ते म्हणाले. "शिकवा म्हटलं ते बरोबर म्हटलं. दुसरं चुकलं. मले तुमच्या अंगावरचं ओझं दिसून राहिलं होतं, आन मी नाव घेतलं सायकलचं. माह्या चुकीसाठी तुमी या पोरीवर राग नोका धरू. इनं मले दोन महिने दाद देल्ली नाई. तुमचा शब्द हाय म्हने."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

काकांनी चौथ्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि स्पेअर सायकल पोर्चमधून बाहेर आणली. पाटी नसलेली. कॅरिअरवर हात फिरवून दाखवला.

"इच्यावर काई बांधेल नाई, भाऊ. एक चक्कर मारून पाहा."

"मी सोडली आता सायकल."

"भरेल सोडली. रिकामी कधी चालोली?"

बाबा विचार करू लागले. बाजाराला जाताना भाजी, येताना किराणा, नाहीतर दांडीवर मी. त्यांचे ओठ हलत होते, आठवून पाहत होते. मग त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

पहिल्या दहा हातांत ते भिंतीवरच जाणार होते. मागं वजन धरून सायकल आवरायची त्यांच्या हातांची सवय, आणि ही तर कागदासारखी हलकी. हँडल इकडून तिकडं गेलं. दर्यापूर त्याच्या दारातून धावत निघाला होता. पण बाबा सावरले, आणि सावरताना हसले. त्यांना असं मोठ्यानं हसताना मी घरात फार वेळा ऐकलेलं नाही.

मागून काकांनी दोरी ओढली. टण टण.

ते कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले. चहा झाला, पोहे झाले, पोहे गार झाले. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. काका म्हणाले, "बस. अनुभवी मानूस हाय."

बऱ्याच वेळानं बाबा आले. कपाळावर घाम, सदऱ्याची एक बाही वर गेलेली.

"तुमच्या भाजीबाजारातली मेथी जून हाय," त्यांनी काकूंना सांगितलं. "म्या आनली ते करा." आणि खिशातून एक लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं. "पोह्यावर पिळाले."

काकांनी त्या लिंबाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काकूंनी डोळे वटारले तसं मिटलं.

बाबा माझ्याकडे वळले. "गाडी इकू नोको," म्हणाले. "गावात येशीन तवा गाडीवरच ये. लोकं पायतात."

"आणि इथं, बाबा?"

ते उत्तर देणार असं वाटलं. पण ते खाली वाकले होते आणि सायकलचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघत होते.

"हवा कमी हाय," ते म्हणाले. "पंप कुठी ठेवता तुमी?"